जरा आ कर बघू

जिभेच्या पार मुळाशी गुलाबी गोट्यांची रांग दिसली म्हणून रात्रभर झोप लागली नाही ना? बघ, मोबाइलचा टॉर्च लावून मध्यरात्री आरशासमोर जीभ काढून उभी राहणारी तू काही पहिली नाहीस. त्या गोट्या तुझ्या आईच्या तोंडात आहेत, सासूच्या तोंडात आहेत, माझ्याही आहेत. जिभेच्या मागच्या बाजूला चवीच्या 8 ते 12 मोठ्या गोट्या उलट्या बाणासारख्या ओळीत बसलेल्या असतात. जन्मापासून तिथेच आहेत, फक्त आपण जीभ इतकी बाहेर ओढून कधी बघत नाही. खरं सांगू का, मला त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा माझ्या बांगड्या कोणत्या लेकीला आणि गाठलं कोणत्या सुनेला, इथवर मनातल्या मनात वाटणी झाली होती. सून तेव्हा घरात आलीही नव्हती!

म्हणून आधी घाबरायचं नाही असं काय काय असतं ते ऐक. गालाच्या आतून, दात एकमेकांवर बसतात त्या रेषेवर एक पांढरट रेघ असते. ती चावण्याच्या दाबाने उमटते. ओठाच्या आत आणि गालात रव्याच्या कणाएवढे पिवळट ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी असतात. गालात वरच्या दाढेसमोर एक बारीक टोक असतं, तिथून लाळ येते. आपल्या लोकांच्या हिरड्या काळपट असतात, ते रंगाचं आहे, रोगाचं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या जिभेखाली निळ्या-जांभळ्या शिरा फुगलेल्या दिसतात, त्यांनाही हात लावायचं कारण नाही. कुणाची जीभ चिरा पडल्यासारखी असते, तर कुणाच्या जिभेवर लाल नकाशा उमटतो, आज इकडे आणि चार दिवसांनी तिकडे. तिखटाने थोडं चुरचुरतं, पण त्याने कुणाचं काही बिघडत नाही. आणि टाळूच्या मधोमध हाडाचा टणक उंचवटा असला तर तो हाडच असतो. माझ्या मावशीचा तो उंचवटा बघून मी अकोल्याला जायला गाडी सांगून मोकळी झाले होते. डॉक्टरांनी बोटाने चाचपून विचारलं, "आजी, हे कधीपासून?" मावशी म्हणाली, "लगीन व्हायच्या आधीपासून." गाडीचं भाडं मात्र माझ्या पदरचं गेलं.

आता बघायचं कसं ते सांगते, कारण निम्मी भीती नीट न बघितल्यामुळेच असते. सकाळी अंगणात, उजेडाकडे तोंड करून बस. हात साबणाने धू. कुणाच्या तोंडात कवळी असेल तर ती आधी काढायला लाव. कवळीखाली काय चाललंय ते कवळी काढल्याशिवाय दिसत नाही. आधी ओठ बाहेरून बघ, मग खालचा ओठ खाली आणि वरचा वर ओढून आतून बघ. स्टीलच्या चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला कर, हिरड्यांपर्यंत, दोन्ही बाजूंनी. जीभ स्वच्छ फडक्यात धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढ आणि तिच्या कडा नीट बघ. मग जीभ टाळूला लावायला सांगून खालचा भाग बघ. जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा हीच खरी लपायची ठिकाणं आहेत आणि लोक नेमके तेच सोडून दात मोजत बसतात. शेवटी बोट फिरवून कुठे कडक लागतं का ते चाचप आणि जबड्याखाली, मानेला गाठ आहे का तेही. भाजी निवडायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. महिन्यातून एकदा पुरे. रोज रोज बघत बसलीस तर तुला रोज नवीन रोग सापडेल.

तोंड येणं ही आपल्या घरातली सगळ्यात नेहमीची गोष्ट. गोल, मधे पिवळट-पांढरा आणि कडेने लाल असा छाला. जीव नको करतो, ठेचा तर सोडच, वरणभातसुद्धा झोंबतो. एक ते दोन आठवड्यांत तो आपला आपण जातो. जागरण, ताण, पाळीच्या आसपासचे दिवस, दाताचं टोक लागणं, काही जणींच्या घराण्यातच असणं अशी कारणं असतात. पण वरचेवर तोंड येत असेल, ओठांचे कोपरे फाटत असतील आणि जीभ गुळगुळीत लाल दिसत असेल तर 'उष्णता वाढली' म्हणून गुलकंद खात बसू नकोस. रक्त तपास. लोह, बी-12, फॉलिक ॲसिड यातलं काहीतरी कमी पडलेलं असतं. आपल्याकडच्या बायका सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर उरलेल्यात जेवतात, मग ते कमी नाही पडणार तर काय! तोवर कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भर. (आपलं बोअरचं पाणी आधीच खारट आहे, वेगळं मीठ कशाला, असं म्हणून हसू नकोस गं. चुळा उकळून गार केलेल्या गोड्या पाण्याच्याच भर.) जाईचा पाला चावून बरं वाटत असेल तर चाव, माझी ना नाही. फक्त तो छाला पहिल्यांदा कधी दिसला, ती तारीख कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेव. का, ते पुढे सांगते.

लेकराचं वेगळं असतं. तान्ह्याच्या गालात आणि जिभेवर दह्यासारखे पांढरे कण दिसले आणि पुसून दुधासारखे सहज निघाले नाहीत तर ती बुरशी असते. ती खरवडायची नाही. डॉक्टर थेंब देतात आणि आईच्या स्तनालाही मलम लागतं, नाहीतर ती आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे फिरत राहते. हीच बुरशी साखरेच्या रुग्णाला, कवळी घालून झोपणाऱ्याला आणि दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यालाही होते. नवीन बाळाच्या हिरडीवर मोत्यासारखे पांढरे दाणे दिसले की म्हाताऱ्या बाया 'दात घेऊन जन्मलं' म्हणून कुजबुजायला लागतात. ते दात नसतात आणि अपशकुन तर मुळीच नाही. थोड्याच आठवड्यांत ते आपोआप जातात. कुणाला घासू देऊ नकोस, एवढंच. दोन-तीन वर्षांच्या पोराला सणकून ताप, हिरड्या लालबुंद आणि तोंडभर बारीक फोड आले तर तो विषाणू असतो. एका आठवड्यात, फार तर दहा-बारा दिवसांत बरं होतं. पण दुखतं म्हणून लेकरू पाणी पीत नाही आणि खरा धोका तोच. चमच्या-चमच्याने गार दूध, गार पेज देत राहा. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर घरचे उपाय बंद आणि दवाखाना गाठ.

बाकीचं भराभर सांगते. खालच्या ओठात निळसर पाण्याचा मऊ फुगा आला तर ओठ चावला गेल्याने लाळेची नळी फुटलेली असते. सुईने फोडू नकोस, परत भरतो. किडलेल्या दाताजवळ हिरडीवर पुवाची पुळी येते आणि फुटते. फुटली म्हणजे बरी झाली असं नाही, आतला दात सडतोच आहे. गरोदरपणात हिरड्या सुजतात, कधी दोन दातांच्या मधे लालभडक गोळा वाढतो, ब्रश लागला की रक्त येतं. बाळंतपणानंतर तो बहुतेकदा ओसरतो, पण म्हणून नऊ महिने दात घासणं सोडायचं नसतं गं!

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. दात दुखला म्हणून हिरडीत डोकेदुखीची गोळी, चुना नाहीतर तंबाखू दाबून ठेवू नकोस. आतलं कातडं पांढरं होऊन सोलून निघतं, मग दाताचं दुखणं राहतं बाजूला आणि भाजल्याचं वेगळं सुरू होतं. मेडिकलवरून दर दोन दिवसांनी दुखण्याच्या गोळ्या आणणंही बंद कर. आपल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, किडनीचे पेशंट किती आहेत ते मी तुला सांगायला नको. या गोळ्या किडनीवर भार टाकतात. जिची किडनी थकली आहे, तिच्या तोंडालाच कधी लघवीसारखा उग्र वास येतो, जिभेवर लोखंड चाटल्यासारखी चव राहते. तिला 'दात घासत नाही' म्हणून टोमणा मारण्याआधी रक्त तपासून घ्यावं.

आता कॅलेंडरवरच्या त्या तारखेचं. तोंडातलं कातडं फार लवकर भरून येतं. चावलं, भाजलं, सोललं तरी दोन आठवड्यांत बहुतेक सगळं जागेवर येतं. म्हणून जे दोन आठवड्यांत गेलं नाही, त्याचा निकाल घरात लावायचा नाही. भेंडवळची घटमांडणी बघून पावसाचं भाकीत करतात, तसं चट्टा बघून रोगाचं भाकीत करायला कुणी बसू नये, मी नाही, तू नाही आणि कोपऱ्यावरचा औषधवालाही नाही. आणि बघ, दुखतंय तेव्हा आपण धावतो. पण ज्याला खरं घाबरायला हवं ते सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. फडक्याने पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लालभडक चट्टा (पांढऱ्याहून लाल जास्त वाईट), कडा टणक झालेली जखम, कारण नसताना हलायला लागलेला दात, दात काढल्यावर न भरणारा खड्डा, ओठ बधिर होणं, मानेला न दुखणारी गाठ. गालात दोन्ही बाजूंना जाळीसारख्या पांढऱ्या रेघा असतील आणि तिखट लागलं की आग होत असेल तर तो बहुधा लायकेन प्लॅनस. कॅन्सर नव्हे, पण डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायची गोष्ट आहे.

पांढऱ्या चट्ट्याची जागाही बोलते. जिथे तंबाखूची गोळी धरतात तिथेच तो येतो. डॉक्टर म्हणतील, तंबाखू सोडा आणि पुन्हा दाखवायला या. सोडल्यावर बरेचसे चट्टे फिकट होतात. जो होत नाही त्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. 'सुरी लावली की कॅन्सर पसरतो' असं तुला दहा जणी सांगतील. पसरत नाही. पसरतो तो वाट बघत बसल्याने.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते सुपारीबद्दल. तुझे हे सुपारी-तंबाखूचा खर्रा खातात, तू मला सांगितलं नाहीस तरी मोटारसायकलच्या डिक्कीतला वास सांगतो. महाराष्ट्रात 2012 च्या जुलैपासून गुटख्यावर बंदी आहे आणि पुड्या कुठे मिळतात ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, यावर मी आणखी काय बोलू! लोकांना वाटतं, वाईट काय ते तंबाखूच, नुसत्या सुपारीने काही होत नाही. होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 साली नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलं. त्याआधी सुपारी काय करते ते ऐक. गालाच्या आतलं मऊ कातडं हळूहळू ताठ होतं, आतून दोऱ्यासारखे पट्टे धरतात, रंग पांढुरका होतो. सुरुवात कशाने होते? तिखटाने. काल आवडीने खाल्लेली शेगावची कचोरी आज तोंडात आग लावते. घरचे म्हणतात, पित्त झालं. मग शिट्टी वाजवता येत नाही, गाल फुगवता येत नाही, जीभ बाहेर येत नाही, पाणीपुरी अख्खी जात नाही. शेवटी भाकरीचा घास लहान करावा लागतो. आपली तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून बघायला सांग. आपल्या तोंडात आपली तीन बोटं बसायला हवीत. दोनच बसली तर उशीर करू नकोस.

हा रोग पुरुषांचाच असं समजू नकोस हं. 1952 साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा नोंदवला तो पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात. पुढच्याच वर्षी आपल्याकडच्या डॉ. जोशींनी त्यावर लिहिलं आणि त्याला आज डॉक्टर वापरतात ते नाव, सबम्यूकस फायब्रोसिस, दिलं. म्हणजे जेवणानंतरची भाजकी सुपारी, पर्समधली गोड सुपारीची पुडी, पोराला रडायचं थांबावं म्हणून दिलेली चिमूट, सगळं याच रांगेतलं. ताठ झालेलं कातडं पुरतं पूर्वीसारखं होत नाही. पण सुपारी आज थांबली तर पुढचं ताठणं थांबवता येतं, व्यायाम आणि औषधांनी थोडं तोंड उघडतं आणि कॅन्सरवर नजर ठेवता येते. ह्यांच्याशी भांडून काही होणार नाही, मी करून बघितलंय, दोन दिवस अबोला आणि तिसऱ्या दिवशी पुडी परत खिशात. त्यापेक्षा 1800-11-2356 हा तंबाखू सोडवायचा फुकटचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दे आणि तीन बोटांचा प्रयोग त्यांच्या मित्रांसमोर करायला लाव. पुरुषाला बायकोचं पटत नाही, मित्राची बोटं तीन आणि आपली दोन बसलेली मात्र पटतात.

आणि सासूबाई? त्या सकाळी मशेरी लावतात ना? डबी देव्हाऱ्यामागे ठेवतात आणि सगळ्या घराला ते माहीत असूनही कुणी बोलत नाही. मशेरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच, दात घासायच्या नावाखाली. कापूस वेचायला जाताना भूक मारायला म्हणूनही कित्येक जणी लावतात, ते मी बघते. त्यांना 'घाण सवय' म्हणू नकोस. त्या वयाच्या बाईला तिच्या तोंडात आजवर कुणी डोकावून विचारलेलं नाही. तूच आधी आपलं तोंड उघडून त्यांना म्हण, "आत्याबाई, माझं बघता का जरा?" मग त्यांचं तू बघ. लाज मोडते ती अशीच.

नुसतं बघून काय होणार असं वाटेल तुला. बघण्यानेच होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहतांनी आणि त्यांच्या माणसांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,01,761 लोकांची तोंडं तपासली होती, त्याचा अहवाल 1972 साली आला. तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत उगवत नाही, आधी चट्टे येतात, हे आपल्याच खेड्यांतल्या माणसांमुळे जगाला नीट कळत गेलं. पुढे केरळात तिरुवनंतपुरमकडे 1996 पासून प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते, डॉक्टर नव्हेत बरं, घरोघरी जाऊन उजेडात लोकांची तोंडं बघत होते. 2005 साली निकाल आला. तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. ना मोठं मशीन, ना सुई. शिकवलेली नजर, आणि सापडलं की पुढे पाठवायचं, बस्स.

म्हणून गावातली आशाताई तीस वर्षांच्या पुढच्या माणसांचा फॉर्म भरायला येते तेव्हा तिला चहा देऊन वाटेला लावू नकोस. त्या फॉर्ममध्ये तोंडात न भरलेली जखम आहे का, पांढरा-लाल चट्टा आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, हे विचारलेलं असतं. आपण सगळ्या सवयीने 'नाही नाही' म्हणतो आणि ती बिचारी खुणा करून निघून जाते. 2023 साली सरकारने स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकरला पुढे केलं, वर्षातून दोनदा दातांच्या डॉक्टरकडे जा म्हणून. दोनदा! आपल्याकडे गाल सुजून डोळा मिटल्याशिवाय कुणी उठत नाही.

जायचं कुठे, तर आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाहीतर वरवट बकालच्या ग्रामीण रुग्णालयात. तिथून पुढे खामगाव, अकोला, गरज पडली तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. तिथे 'तोंड आलंय' एवढंच म्हणू नकोस, नाहीतर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन परत येशील. सांग, "अमुक तारखेपासून आहे, दोन आठवडे झाले, जात नाही, दुखत नाही." तारीख तुझ्या कॅलेंडरवर आहेच. पुढचा खर्च निघाला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार पिशवीत टाक, म्हणजे एका कागदासाठी परत यायला नको.

तुझ्यावर घरातलं, शेतातलं, पोराच्या शाळेचं सगळं आहे, मला दिसतं. तरी सोयाबीनची सोंगणी सुरू व्हायच्या आत एक सकाळ काढ. सासूबाईंना आधी बसव, मग ह्यांना. आणि स्वतःचं तोंड शेवटी ठेवून विसरायचं नाही, सांगून ठेवते. कुणाच्या तोंडात दोन आठवड्यांवरचं काही सापडलं तर मला फोन कर, केसपेपर काढायला मी येते सोबत.